ते कपाट

भिंतीवर बोटाचं पेर वाजवून
माणसं तिचं भविष्य सांगतात:
"पोकळ वाजते, म्हणजे बिनकामाची."
तीस वर्षं ऐकतोय.
पोकळ तर ढोलही वाजतो,
आणि अख्खी मिरवणूक त्याच्याच जिवावर चालते.

मी कौन्सिलचा बांधकाम तपासनीस.
बॅटरी, मोजपट्टी, गुडघ्यांवर कायमचा चुना.
ऱ्होंडाच्या दरीत घराला घर खेटून,
पहिल्यानं खोकावं, तिसऱ्यानं पाणी विचारावं.

"मागच्या बाजूला आहे हो, रस्त्यावरून दिसत नाही,"
असं म्हणतात,
जणू वजनालाही लोकलाज असते.
कुणी मंजुरीचा कागद नाचवतो.
अहो, मंजूर झालं ते घराचं दिसणं.
उभं राहणं दुसऱ्या टेबलावर असतं.
आणि शेजाऱ्यानं कुंपणावरून मान हलवली
तर ती काहींच्या हिशेबी सहीच.
पुढे तो शेजारी वारतो.
हललेली मान त्याच्या मुलांना वारसाहक्कानं मिळत नाही.

"इतकी वर्षं झाली, पडलं का काही?"
याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

मार्चातल्या एका मंगळवारी
एलिनेद प्रॉथेरो, वय एक्याऐंशी, घर विकायला काढलेलं.
गिऱ्हाईक तरुण जोडपं, तिला सातवा महिना.
खालच्या खोलीत, भिंतीच्या मधोमध,
एक रुंद, उथळ कपाट.
ते शनिवारी ते दोघं स्वतःच काढणार होते.
कपाटाला कसली आलीय परवानगी?
बरोबर. कपाटाला नसते.

मी खाली उभा राहिलो.
शेकोटीची जागा सपाट, धुराड्याचं पोट गायब.
वर गेलो.
निजायच्या खोलीत ते होतं,
निळ्या वेलींच्या वॉलपेपरमध्ये गुंडाळलेलं,
छतापर्यंत, छताच्याही वर,
दीडेक टन वीट,
पाय नसलेली.

"इदवलनं काढलं," ती जिन्याखालून म्हणाली,
"सत्याऐंशी साली. खाण बंद, हात रिकामे.
घर आपलं, विचारायचं कुणाला?"

आणि कपाट?

"मला कधीच आवडलं नाही.
हँगर सरळ बसत नाही त्यात, कोट तिरके लटकतात.
किती भांडले असेन.
तो म्हणायचा, बाकी घर बदल हवं तसं,
याला हात लावू नकोस."

मी कोट पलंगावर ठेवले,
मागच्या फळीचे सहा स्क्रू काढले.
आत लाकूड.
दोन उभे टेकू, मांडीएवढे, कोळशानं काळेभोर,
वर आडवा दांडा,
फटीत पाचरी, ठोकून ठोकून बसवलेल्या.
डोंगराखाली असंच बांधतात वाट.
लोक दिवाणखान्यात फोटो लावतात,
यानं बोगद्याचा एक घास आणून लावला होता
आणि दार बसवून त्याला कपाट म्हटलं होतं.

ती बराच वेळ बघत राहिली.
मग एक बोट टेकूवर फिरवलं, बोट काळं झालं,
ते तिनं पुसलं नाही.

"म्हणजे नियमात बसतं का हे?"
नाही.
"पण उभं आहे."
आहे.

फॉर्मवर मी लिहिलं:
आधार अपुरा. हिशेब नाही, कागद नाहीत.
पोलादी तुळई बसवावी.
'अपुरा' लिहिताना पेन अडलं, शाई संपत आली होती,
निदान मी तरी तसंच समजलो.
शनिवारचं काम थांबवायचा फोन
तिच्याच स्वयंपाकघरातून केला.

निघताना तिनं बाही धरली.
"तुमचं लोखंड आलं की हे लाकूड मला द्याल?
नवा फ्लॅट लहान आहे.
पण दाराशी उभं करीन म्हणते, एकच, कोट अडकवायला.
त्याला परवानगी लागते का?"